नेट गेलं म्हणजे नेटवर्क गेलं असं नाही!



आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या घरांत आज सर्वसाधारणपणे काय असतं? हॉलच्या कोपऱ्यात केबलवाल्याने लावून दिलेला राउटर, एखादा जुना डेस्कटॉप, एक लॅपटॉप आणि घरात माणसं असतील तितके मोबाईल. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम आली आणि ज्यांच्या घरी तोवर वायफाय नव्हतं, अशा कितीतरी घरांनी तेव्हा ते घेतलं.

आता एक साधा प्रश्न. बेडरूममधल्या लॅपटॉपवर तयार केलेली प्रश्नपत्रिका हॉलमधल्या कॉम्प्युटरवर न्यायची आहे, कारण प्रिंटर तिकडे जोडलाय. तुम्ही काय कराल? बहुतेक जण व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवतील. काही जण ई-मेल करतील. काही जण पेनड्राइव्ह शोधतील, आणि तो सापडला तर त्यात सायबर कॅफेतून आलेला व्हायरसही सापडेल! आणि नेट बंद असेल तर? "नेट आलं की बघू."

मला इथेच आक्षेप घ्यायचा आहे. पंधरा फुटांवरच्या कॉम्प्युटरला फाइल द्यायला इंटरनेट लागत नाही. शेजारच्या ब्लॉकमध्ये वाटीभर आमटी द्यायची तर आपण ती कुरिअरने पाठवतो का? पण फाइलच्या बाबतीत आपण रोज तेच करतो. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या घरातलं नेटवर्क कसं चालतं, बिघडलं तर दोष कुठे शोधायचा आणि दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल कशी द्यायची-घ्यायची, हे प्रत्येक शिक्षकाला आलंच पाहिजे. इंजिनियर होण्यासाठी हे शिकायचं नाहीये. आपल्याकडे असलेली मुलांची माहिती सांभाळण्यासाठी आणि मुलांना विचार करायला शिकवण्यासाठी शिकायचं आहे.

इंटरनेट वेगळं, नेटवर्क वेगळं

सोसायटीतला इंटरकॉम आठवा. गेटवरचा वॉचमन आपल्याला फोन करतो, तेव्हा तो कॉल टेलिफोन एक्स्चेंजकडे जात नाही. बाहेरची लाइन बंद असली तरी इंटरकॉम चालू असतो. घरातल्या राउटरची दोन कामं अशीच वेगवेगळी आहेत. एक, घरातल्या सगळ्या उपकरणांना एकमेकांशी जोडणं. दोन, त्या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडणं. केबल तुटली तर दुसरं काम थांबतं. पहिलं चालूच राहतं.

यात नवीन काही नाही. तारेशिवाय कॉम्प्युटर जोडण्याचा सुरुवातीचा मोठा प्रयोग १९७१ साली हवाई बेटांवर झाला. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची केंद्रं रेडिओने जोडली. पुढे १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, त्याचा वेग सेकंदाला फक्त २ मेगाबिट होता. आपल्याकडे २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं परवान्याशिवाय वापरायला मोकळीक दिली, म्हणून आज कोणीही दुकानातून राउटर आणून घरी लावू शकतो.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याकडची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. लाइट नाही म्हणजे वायफाय नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण घरगुती राउटर साधारण १२ व्होल्टवर चालतो. छोट्या बॅटरी बॅकअपवर तो दोन-तीन तास सहज निघतो, आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. बाहेरचं जग बंद असलं तरी घरातल्या किंवा शाळेतल्या दोन लॅपटॉपमधली देवाणघेवाण अशा वेळीही चालू राहते.

आपल्याला याचं काय?

आपल्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं ते एकदा आठवा. यू-डायससाठी भरलेली माहिती, मुलांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे तपशील, जातीचे दाखले, निकालपत्रकं, मुलांचे फोटो. ही माहिती पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असते. ती बेडरूममधून हॉलमध्ये नेण्यासाठी आपण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतो! ग्रुप 'आपलाच' असतो, पण त्यात किती जण आहेत, त्यातल्या कोणाचा मोबाईल घरातली लहान मुलं हाताळतात, कोणाचा दुरुस्तीला गेलाय, याचा पत्ता कोणालाच नसतो. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची विशेष काळजी घेतलेली आहे. कायदा नसता तरी हे आपलं कर्तव्य होतंच.

आणखी एक गोष्ट. पूर्वी बऱ्याच शिक्षकांच्या मोबाईलमध्ये शेअरइट किंवा झेंडर असायचं. नेटशिवाय व्हिडिओ द्यायचे तर तेच. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. त्यानंतर त्या जागी दुसरं काही शिकण्याऐवजी आपण सगळे व्हॉट्सअॅपवर येऊन थांबलो.

वेळेचा हिशेबही करून बघा. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ २ जीबीचा आहे असं धरू. म्हणजे साधारण १६,००० मेगाबिट, कारण ८ बिटचा एक बाइट. तुमच्या कनेक्शनचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल, तर फाइल वर चढायलाच ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर लागतील. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती पुन्हा उतरवायची. घरातल्या घरात वायफायने ८० एमबीपीएस मिळाले, तर तेच काम साडेतीन मिनिटांत होतं, आणि डेटा शून्य खर्च होतो. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित घालायला काय हरकत आहे?

बिघाड शोधायचा कसा?

वायफाय चालत नाही म्हटलं की आपण तीन गोष्टी करतो: राउटर बंद-चालू करतो, केबलवाल्याला फोन लावतो, किंवा घरातल्या मुलाला हाक मारतो. राउटर बंद-चालू करण्यात चूक काही नाही, त्याने पुष्कळदा काम होतं. पण दोष काय होता हे कळत नाही, म्हणून चार दिवसांनी तो परत येतो. दोन नियम पाळा. जवळून लांब जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशाने चालू झालं हे कधीच कळणार नाही.

१) आधी पाहा, बंद कोणाचं आहे? फक्त लॅपटॉपचं की मोबाईलचंही? एकाचंच बंद असेल तर दोष त्या उपकरणात आहे, केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही. सगळ्यांचं बंद असेल तर राउटरकडे चला.

२) राउटरचे दिवे वाचा. फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा पेटला असेल, तर बाहेरून प्रकाश येत नाहीये. फायबर कुठेतरी तुटली किंवा फार वाकली आहे. आपल्याकडे रस्ता खोदला किंवा पावसात झाड पडलं की हे होतंच. अशा वेळी घरात कितीही खटाटोप केला तरी व्यर्थ. फोन करा आणि "नेट नाही" एवढंच न सांगता "लॉसचा लाल दिवा आहे" असं सांगा. समोरचा माणूस लगेच कामाचं बोलायला लागतो.

३) लॅपटॉपचा पत्ता बघा. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. आयपी पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होईल. तसं असेल तर राउटरने तुमच्या लॅपटॉपला घरातला नंबर दिलेला आहे. पण तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरशी बोलणं झालेलंच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक नंबर घेतलाय. म्हणजे दोष घरातच, लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये.

४) हाक मारून बघा. तिथेच 'डीफॉल्ट गेटवे' या ओळीत राउटरचा पत्ता दिसतो. 'पिंग' लिहून, एक जागा सोडून तो पत्ता द्या. उत्तर आलं तर घरातलं नेटवर्क ठीक आहे. मग बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला पिंग करा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरून उत्तर नाही, म्हणजे दोष बाहेरच्या लाइनचा. बाहेरून उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, तर बहुधा नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा अडलेली आहे. तीन हाका मारल्या की दोष कुठल्या टप्प्यात आहे ते समजतं!

५) चालतं पण रडतखडत चालतं? मग जागा बघा. राउटर टीव्हीच्या मागे, गोदरेजच्या कपाटावर किंवा मीटरच्या खोपटात ठेवला असेल तर बिचारा काय करणार? लोखंड लहरी अडवतं. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या कॉम्प्लेक्समधल्या आरसीसी भिंती आणि उल्हासनगरच्या जुन्या बॅरेकच्या जाड भिंती यांतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी लवकर थकतात. २.४ च्या लहरी त्यांच्यापेक्षा लांब पोचतात, पण तिथे गर्दी असते. मोबाईलवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायावर पाय न देणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये यातला कमी गर्दीचा निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्या आसपासच चालतो, तेव्हा राउटर किचनच्या ओट्याजवळ नको. तो घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवा. फाइल देणाऱ्या दोन कॉम्प्युटरपैकी एक जरी लॅन केबलने राउटरला जोडला, तरी वेगात चांगला फरक पडतो, कारण दोन्ही वायफायवर असतील तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते.

फाइल शेअर होत नाही? हे तपासा

इथे बहुतेक जण हात टेकतात. वायफाय दोन्हीकडे चालू, नेट चालू, पण एक कॉम्प्युटर दुसऱ्याला दिसत नाही. कारणं ठरलेली असतात.

पहिलं, दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत का? एक घरच्या वायफायवर आणि दुसरा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर ते एकमेकांना दिसणार नाहीत. 'गेस्ट' नेटवर्कवरही दिसणार नाहीत, कारण पाहुण्याने घरातली कपाटं उघडू नयेत यासाठीच ते असतं. बेडरूमसाठी वेगळा दुसरा राउटर लावला असेल, तर तोही स्वतःचं वेगळं घर मांडून बसलेला असू शकतो.

दुसरं, विंडोजला हे घर आहे असं सांगितलंय का? वायफायच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय असतात. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचं वायफाय, तिथे विंडोज स्वतःला लपवतं. घरी 'प्रायव्हेट' ठेवा, मग 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

तिसरं, पासवर्ड. ज्या कॉम्प्युटरवर फाइल आहे त्याच्या खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आणि कॉम्प्युटर उघडताना आपण टाकतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. "पासवर्ड बरोबर टाकतोय तरी चूक दाखवतो" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

चौथं, नावाने सापडत नसेल तर पत्त्याने बोलवा. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता लिहा, असा: \\१९२.१६८.१.५ (आकडे अर्थातच इंग्रजी). यादीत न दिसणारा कॉम्प्युटर असा उघडतो.

पाचवं, एक कॉम्प्युटर फार जुना आहे का? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फाइल्स कुलूपबंद केल्या. तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या फटीतून पसरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये ती जुनी पद्धत मुळात बंद ठेवलेली असते. म्हणून शाळेतला विंडोज एक्सपीचा जुना संच आणि नवा लॅपटॉप यांचं जमत नाही. व्हिडिओ बघून ती जुनी पद्धत परत चालू करू नका. त्या जुन्या संचापुरता, तपासून घेतलेला पेनड्राइव्ह परवडला.

तसंच फायरवॉल बंद करणं, अख्खा 'सी' ड्राइव्ह शेअर करणं, 'एव्हरीवन'ला सगळे अधिकार देणं, हे उपाय कोणी सांगितले तरी करू नका. चोराच्या भीतीने घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारात टांगायची, असला प्रकार आहे तो. 'देवघेव' नावाचा एक फोल्डर करा, तेवढाच शेअर करा. मुलांची माहिती त्यात कायम ठेवू नका, काम झालं की काढून घ्या. राउटरचा मूळ पासवर्डही बदला.

एवढंही नको वाटत असेल तर 'लोकलसेंड' हे मोफत अॅप आहे. मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालतं, एकाच वायफायवर असलेल्या उपकरणांत इंटरनेटशिवाय फाइल देता येते. पण वर सांगितलेली पहिली अट तिथेही लागू आहेच.

"हे आपलं काम आहे का?"

हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो. आपण डीएड झालेली माणसं, वरून अशैक्षणिक कामांचा ढीग, त्यात आता हे कशाला? ही तक्रार खोटी नाही. पण मला उलट वाटतं. निरीक्षण करा, अंदाज बांधा, एकेक गोष्ट तपासा, मग निष्कर्ष काढा, हे आपण परिसर अभ्यासात मुलांना शिकवतोच ना? बी का रुजलं नाही, हे शोधताना पाणी, हवा, ऊब यांपैकी एकेक गोष्ट बदलून बघायला सांगतो. वायफाय का चालत नाही, याची रीत तीच आहे. मुलांसमोर शिक्षकाने शांतपणे एकेक पायरी तपासत दोष शोधला, तर तो प्रयोगाचा धडाच झाला. आणि "थांबा, माहीतगार माणसाला बोलावतो" असं म्हटलं, तर मुलंही तेच शिकतात.

वर्गात कॉम्प्युटर नसला तरी हा पाठ घेता येतो. सहा मुलांना गोलात बसवा, प्रत्येकाला नंबर द्या. मध्ये एक मूल राउटर. एक मोठं वाक्य चार चिठ्ठ्यांत तोडून लिहा, प्रत्येक चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि चिठ्ठीचा क्रमांक. राउटर झालेलं मूल चिठ्ठ्या पोचवतं, घेणारं मूल क्रमाने जुळवून वाक्य वाचतं. मग मुद्दाम एक चिठ्ठी लपवा आणि ती कुठे हरवली ते मुलांना शोधायला सांगा. चौथीची मुलंसुद्धा हे छान करतात, आणि आपली चिठ्ठी वर्गाबाहेर गेलीच नाही हेही त्यांच्या लक्षात येतं.

बदलापूरच्या पलीकडे आत गेलं की मोबाईलची रेंज कशी असते ते तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. अशा शाळेत एक लॅपटॉप आणि एक राउटर असेल, तर 'कोलिब्री'सारख्या मोफत प्रणालीत धडे आधीच उतरवून ठेवता येतात आणि मुलं आपल्या टॅबवर ते नेटशिवाय बघू शकतात. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांच्या कामामुळे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. शिक्षकाने स्वतः हात घातला म्हणून ते झालं. प्रोजेक्टर, टॅब अनेक शाळांना मिळाले. पण किरकोळ बिघाडामुळे कपाटात जाऊन पडलेली उपकरणंही आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली कितीतरी पंधरा मिनिटांत चालू होण्यासारखी असतात.

तेव्हा या रविवारी एक काम करा. एका कागदावर लिहा: राउटरचा पत्ता, वायफायचं नाव, कुठला दिवा पेटला की काय समजायचं आणि तक्रारीचा नंबर. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. कागद राउटरशेजारी चिकटवा. मग घरातल्या मुलाला सोबत घेऊन राउटरमधली बाहेरून येणारी वायर काढा आणि नेट बंद असताना लॅपटॉपवरची एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवून दाखवा. "नेट नसताना कशी गेली?" असं मूल नक्की विचारेल. उत्तर लगेच देऊ नका, आधी त्याला अंदाज करू द्या.